रूट कॅनाल: ठणका थांबला म्हणजे दाढ वाचली असं नाही

मूळपीठिका (धागाकर्ता)

रूट कॅनाल म्हटलं की सगळे दोनच प्रश्न विचारतात: दुखेल का, आणि खर्च किती. दोन्ही रास्त आहेत. पण दाढ वीस वर्षं टिकणार की तिसऱ्या वर्षी काढावी लागणार हे ज्या गोष्टींवर ठरतं, त्यांबद्दल कुणी विचारत नाही, आणि संध्याकाळी सात वाजता भरलेल्या दवाखान्यात कुणी सांगतही नाही. त्या एका जागी याव्यात म्हणून हा धागा. औषधं, डेंटल लॅब, दवाखाना यांत काम करणारी मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

दाताच्या कठीण थराखाली मऊ गर असतो, त्यात नस आणि रक्तवाहिन्या. कीड आत पोचली की हा गर सुजतो, आणि चारी बाजूंनी टणक भिंती असल्याने सुजेला जागाच मिळत नाही. ठणका त्यामुळे लागतो. थंड पाणी लागलं, सळ आली आणि काही सेकंदांत गेली, तर गर अजून सावरू शकतो. कीड काढून सिमेंट भरलं की बहुतेक वेळा भागतं. याउलट कळ मिनिटभर रेंगाळते, रात्री आडवं पडलं की आपोआप ठणका सुरू होतो, गरम चहाने वाढतो, गार पाणी तोंडात धरल्यावर बरं वाटतं, नेमकी कुठली दाढ तेही कळत नाही, असं असेल तर गर आता पूर्ववत होणार नाही. असा गर काढून, मुळांतल्या बारीक नळ्या (कॅनाल) साफ करून भरून टाकणं म्हणजे रूट कॅनाल.

मग एके दिवशी ठणका अचानक थांबतो आणि माणूस अपॉइंटमेंट रद्द करतो. कितीतरी दाढा इथे हातच्या जातात. नस मेलेली असते म्हणून दुखणं थांबलेलं असतं. जंतू आतच असतात आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत असतात. पुढे चावताना दुखणं, हिरडीवर पुटकुळी येऊन त्यातून पू येणं, नाहीतर एका रात्रीत गाल सुजणं. काहींना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही, आणि दुसऱ्याच दाताचा एक्स-रे काढताना मुळाशी काळा डाग दिसतो.

निदान एकट्या एक्स-रेवर होऊ देऊ नका. दुखऱ्या दाताची आणि शेजारच्या चांगल्या दातांची थंडाने चाचणी, आरशाच्या दांड्याने टकटक, हिरडीच्या कप्प्याची खोली, आणि मुळाचं टोक व त्यापलीकडचं थोडं हाड दिसेल असा छोटा एक्स-रे, एवढं तरी झालं पाहिजे. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला लागून असतात. सर्दीत त्या बाजूच्या सगळ्याच दाढा दुखत असतील आणि खाली वाकल्यावर कळ वाढत असेल, तर आधी नाकाचा विचार करायचा. सायनसच्या दुखण्यासाठी चांगल्या दाढेचं रूट कॅनाल झालं तर ती नस परत येत नाही.

शिवडीकर

उपयुक्त धागा. पण बहुतेक घरांत पहिली पायरी दवाखाना नसतेच, मेडिकल स्टोअर असते. चार-पाच दिवस गोळ्या घेतल्या की दुखणं बसतं. मग अँटिबायोटिकने जंतू मरत नाहीत का?

लालबागचा केमिस्ट

शिवडीकर, दुकानात रोज हाच प्रश्न येतो. लोक सरळ 'दाढेची गोळी' मागतात, आणि त्यांना हवी असते ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची पट्टी. चिठ्ठीशिवाय ती मागू नये आणि दुकानदाराने देऊ नये.

गर जिवंत आहे आणि सुजलाय, तर अँटिबायोटिकने ठणका कमी होत नाही. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात याला आधार मिळालेला नाही, आणि अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही अशा दुखण्यावर अँटिबायोटिक देऊ नये असंच सांगतात. गर मेलेला असेल तर तिथे रक्तच पोचत नाही, मग रक्तातून येणारं औषध कसं पोचणार? आजूबाजूच्या हाडातली सूज थोडी ओसरते म्हणून बरं वाटतं, पण जंतूंचं ठाणं दाताच्या आत तसंच राहतं. अँटिबायोटिकची जागा आहे ती ताप, पसरणारी सूज, जबड्याखाली सुजलेल्या गाठी, किंवा प्रतिकारशक्ती खूपच कमी असलेला पेशंट, अशा वेळी. तेव्हाही सोबत दात उघडून किंवा सूज फोडून पू काढायलाच लागतो.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत दुखणं धरून ठेवायला आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ एकत्र, पोटात काहीतरी घालून, सहा ते आठ तासांच्या अंतराने. निरोगी मोठ्या माणसाला हे चांगलं लागू पडतं. बाजारात दोन्ही एकाच गोळीत मिळतात, त्यात पॅरासिटामॉल बहुधा ३२५ मिग्रॅ असतं. ती घेऊन वर तापाची गोळी वेगळी घेताना दिवसाची बेरीज करा, ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं, ॲस्पिरिनने उठणारा दमा, गरोदरपणाचा उत्तरार्ध, यांत आयबुप्रोफेन नको. आणि मुंबईच्या पावसाळ्यात एक जास्तीची काळजी: दाढदुखीबरोबर अंगात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तर रक्त तपासेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

लवंगेच्या तेलाने तात्पुरतं बधिर होतं, ते खरं आहे. पण कापसाचा बोळा मुगाच्या दाण्याएवढा, चांगला पिळलेला, आणि फक्त किडीच्या खड्ड्यात. तेल हिरडीवर ओघळलं की पांढरा चट्टा पडतो. ॲस्पिरिनची गोळी गालात धरून ठेवण्याचा प्रकार तर बंदच करा, त्याने कातडी भाजते.

कर्जत स्लो

इंजेक्शन दिल्यावरही दुखलं अशी तक्रार बरेचजण करतात, आणि त्या भीतीने बाकीचे जातच नाहीत. असं का होतं?

मूळपीठिका

होतं, आणि जास्त करून खालच्या दाढेत होतं. खालच्या जबड्याचं हाड जाड असतं, त्यामुळे भूल दाढेशेजारी न देता मागे, नस हाडात शिरते तिथे द्यावी लागते. ओठ बधिर होतो. पण ओठ बधिर झाला म्हणजे सुजलेला गर बधिर झाला, असं धरून चालत नाही. म्हणून ड्रिल लावण्याआधी त्या दाढेला पुन्हा थंड लावून बघतात. अजून कळ येत असेल तर गालाच्या बाजूने आर्टिकेन हे भुलीचं दुसरं औषध, दाताच्या आणि हाडाच्या फटीत बारीक सुईने भूल, आणि गर उघडा पडला की थेट गरात, असे पुढचे उपाय आहेत. शेवटचा काही सेकंद झोंबतो. तुम्ही एवढंच करायचं: कळ आली की डावा हात वर. डॉक्टरांनी आधीच सांगितलं नसेल तर तुम्ही सांगून ठेवा. 'थोडं सहन करा' हे उत्तर नाही, भूल वाढवून मिळते.

लिग्नोकेन या नेहमीच्या भुलीच्या औषधात ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं, आपल्याकडे बहुधा १ : ८०,००० प्रमाणात. इंजेक्शननंतर दोन-चार मिनिटं छाती धडधडली तर ती ॲलर्जी नव्हे. मात्र डॉक्टरांना लगेच सांगा. आणि उपाशीपोटी येऊ नका. संकष्टी असो की एकादशी, उपासाचं का होईना पण खाऊन या. खुर्चीत घेरी येणाऱ्यांत न खाता आलेले खूप असतात.

आता आतलं काम. सर्वांत आधी रबर डॅम. तळहातापेक्षा थोडी मोठी पातळ रबरी चादर असते. तिला एक छिद्र पाडतात, दाढेच्या मानेला धातूची छोटी पकड बसवतात, चादर तिच्यावरून ओढून चौकटीवर ताणतात. पाच मिनिटांत फक्त तेवढी एक दाढ चादरीतून वर आलेली दिसते, बाकी तोंड, जीभ, लाळ सगळं पलीकडे. लाळेत कोट्यवधी जंतू असतात. ते आत जात राहिले तर साफसफाईला अर्थ उरत नाही. शिवाय कॅनाल घासायची सुईसारखी बारीक फाइल हातातून निसटली तर ती चादरीवर पडते, घशात जात नाही. रबर डॅम हा रूट कॅनालचा जास्तीचा पर्याय नाही, तो त्याचा पायाच आहे. अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारायचा एकच प्रश्न निवडायचा असेल तर हा निवडा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी कळवा, लेटेक्सविरहित चादर मिळते.

मग वरून वाट करून कॅनालची तोंडं शोधायची. वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळं असतात, पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेक वेळा दुसरा कॅनाल लपलेला असतो, म्हणजे एकूण चार. खालच्या पुढच्या चिमुकल्या दातांतही कित्येकदा दोन निघतात. राहून गेलेला कॅनाल हे अपयशाचं फार मोठं कारण आहे. म्हणूनच भिंगाचा चष्मा किंवा मायक्रोस्कोप वापरणाऱ्यांचा वेळ आणि दर जास्त असतो.

लांबी मोजायला ओठाला एक आकडा लावतात, फाइलला दुसरी तार, आणि यंत्र बीप करत टोक जवळ आल्याचं सांगतं. एक्स-रेत दिसणाऱ्या टोकाच्या साधारण अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं असतं. फार अलीकडे थांबलं तर घाण राहते, पलीकडे गेलं तर हाडाला टोचतं.

फाइल फिरते, आवाज येतो, म्हणून लोकांना वाटतं की सफाई फाइल करते. फाइल फक्त रस्ता रुंद करते. हाताची बारीक फाइल, दहा नंबर, टोकाला ०.१० मिलिमीटर असते, बहुधा तिथून सुरुवात. पण कॅनाल गोल नळीसारखा सरळसोट नसतो, चपटा असतो, फाटे फुटलेले असतात. भिंतीचा निदान तिसरा हिस्सा कुठल्याच फाइलला लागत नाही. तिथली घाण विरघळवतं ते सोडियम हायपोक्लोराइट, साधारण २.५ ते ५.२५ टक्के. टाकीच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर येतो तो वास. ते पुन्हा पुन्हा ताजं सोडावं लागतं, त्याला वेळ द्यावा लागतो, आणि शेवटी १७ टक्के ईडीटीए हे दुसरं द्रव मिनिटभर, म्हणजे फाइलच्या भुश्याचा थर निघून जातो. दाढेला एकूण पाऊण ते दीड तास लागतो तो यासाठी. फक्त सलाइनने धुऊन वीस मिनिटांत दाढ संपवली असेल तर दुखणं तरीही थांबेल, कारण नस काढलेली असते. जंतूंचा हिशेब दोन वर्षांनी एक्स-रेत दिसतो.

हे हायपोक्लोराइट चुकून मुळाच्या टोकापलीकडे दाबलं गेलं तर भूल असूनही एकदम जबरदस्त कळ येते, काही मिनिटांत गाल सुजतो, नंतर काळानिळा पडतो. क्वचित होतं. सुई कॅनालमध्ये अडकवून जोरात दाबली की होतं, त्यामुळे बाजूला छिद्र असलेली सुई वापरून, सैल धरून, हळू सोडायचं असतं. झालंच तर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक, वेदनाशामक, आणि डॉक्टरांनी रोज पाहणं. बहुतेकांचं काही आठवड्यांत पूर्ण बरं होतं. श्वासाला किंवा गिळायला त्रास झाला तर सरळ मोठ्या रुग्णालयात.

कर्जत स्लो

धन्यवाद, इतकं सविस्तर कुठे वाचलं नव्हतं. दोन शंका. एका सिटिंगमध्ये होतं ते चांगलं की तीन सिटिंग? आणि फाइल आत तुटली तर?

मूळपीठिका

बरं होण्याच्या दृष्टीने दोन्हींत ठळक फरक नाही. गर जिवंत होता, पू नव्हता, वेळ पुरला, तर एका सिटिंगमध्ये करावं. कर्जतहून येणाऱ्याला ते सोयीचंही. कॅनालमधून पू किंवा पाणी येतच असेल, तो कोरडा होत नसेल, चेहऱ्यावर सूज असेल, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक ते दोन आठवडे थांबतात. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो, जंतूंना तो सोसत नाही. 'पू वाहू दे' म्हणून दात आठवडाभर उघडा सोडण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यायला हवी. त्यात भात-भाकरी आणि लाळ आत जाऊन नवे जंतू बसतात.

फाइल तुटणं म्हणजे गुन्हा नव्हे, पण लपवणं गंभीर. निकेल-टायटॅनियमच्या फाइली वाकड्या कॅनालमध्ये फिरून थकतात आणि आधी काही न दाखवता तुटतात. सफाई जवळजवळ झाल्यावर तुकडा राहिला तर दाढ बहुधा टिकते. तो तुकडा म्हणजे नुसता धातू, तो सडत नाही. सुरुवातीलाच तुटला आणि खाली जंतू कोंडले गेले, तर प्रश्न आहे. मग मायक्रोस्कोपखाली अल्ट्रासॉनिकने काढणं, शेजारून वाट काढणं, किंवा लक्ष ठेवणं. तुम्हाला तोंडी सांगितलं पाहिजे, केसपेपरवर लिहिलं पाहिजे आणि एक्स-रेची प्रत दिली पाहिजे.

असिस्टंट ताई, माहीम

सिटिंगच्या मधल्या काळाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहिते.

दोन ते चार तास ओठ-जीभ बधिर राहते. तेवढ्यात स्टेशनवर वडापाव आणि कटिंग घेऊ नका. गाल चावला जातो आणि चहाने भाजतं, कळत मात्र संध्याकाळी. लहान मुलांवर तर नजर ठेवा, बधिर ओठ ती गंमत म्हणून चावत बसतात.

तासभर काही खाल्लं-प्यायलं नाही तर तात्पुरतं सिमेंट नीट घट्ट होतं. त्याची जाडी साडेतीन-चार मिलिमीटर तरी लागते, त्याहून पातळ असेल तर कडेने लाळ झिरपते. वरचा पापुद्रा झिजला, थोडी खोलगट जागा झाली, तर घाबरू नका. अख्खा गोळा निघून आत कापूस दिसू लागला तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी या. पुढच्या मंगळवारी अपॉइंटमेंट आहेच, तोवर थांबू, असं करू नका.

गणपती आणि शिमग्याच्या आधी आमच्याकडे एक ठरलेली धांदल असते. दाढ उघडून घेतात, ठणका जातो आणि माणूस थेट गावी. तिथे पंधरा दिवस मोदक, आंबोळ्या, सागोती. परत येतात तेव्हा सिमेंट नसतं, कधी दाढेची एक भिंतही नसते. गावी जायचं असेल तर तारीख आधी सांगा. एकतर दाढ पूर्ण भरून वर पक्कं सिमेंट करून देता येतं, किंवा उघडून औषध भरून त्यावर टिकाऊ सिमेंट लावता येतं. पण आधी माहीत हवं.

पहिले दोन-तीन दिवस चावताना दुखरं वाटणं नेहमीचं आहे. दात टेकताच तोच दात आधी लागतो असं वाटत असेल तर सिमेंट उंच राहिलंय. निळा कागद चावायला देऊन उंचवटा घासला की दहा मिनिटांत काम होतं. यासाठी लोक आठवडाभर गोळ्या खात बसतात, ते बघवत नाही. मात्र तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढतच असेल, सूज आली, ताप आला, तर फोन करा, वाट बघू नका.

सिरॅमिक लॅब, अंधेरी

कॅपबद्दल. रूट कॅनाल झालं, दुखत नाही, कॅप दिवाळीनंतर बघू, हे मुंबईत घरोघरी चालतं. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, १४ लाखांहून जास्त रूट कॅनाल झालेल्या दातांच्या पाहणीत आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते. जे काढावे लागले त्यांतल्या जवळपास ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. या एका आकड्यावर सगळं सांगून झालं.

किडीने आणि वाट करताना दाढेचं छत गेलेलं असतं, भिंती उभ्या राहतात. सुपारी, चिक्की, मटणाचं हाड, काहीही एका कडेला जोरात लागलं की भिंत उभी चिरते. चीर हिरडीवर थांबली तर नशीब, मुळात उतरली तर दाढ काढण्यावाचून उपाय नाही. म्हणून दाढा आणि उपदाढांना कॅप, शक्यतो महिनाभरात. पुढच्या दाताला फक्त मागून छोटं छिद्र असेल, बाकी दात धड असेल, तर कॅपची गरज नसते, दाताच्या रंगाचं पक्कं भरण (कंपोझिट) पुरतं.

कॅप बसण्याआधी आत पक्का गाभा भरावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिरडीच्या वर खऱ्या दाताची निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची कड चारी बाजूंनी शिल्लक हवी, म्हणजे कॅप तिला कवटाळून बसते. ती कड नसेल तर कितीही महागडी कॅप लावा, ती गाभ्यासकट निखळते. त्यामुळे रूट कॅनाल सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारा: कॅप धरायला पुरेसा दात आहे का? उत्तर 'नाही' असेल तर कड मोकळी करायला हिरडीची छोटी शस्त्रक्रिया, किंवा दात काढणं, हे तेव्हाच ठरवा.

धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप स्वस्त आणि जुनी विश्वासाची. तिचा पापुद्रा कधी टवका होऊन उडतो, आणि हिरडी सरकली की करडी रेघ दिसते. झिर्कोनिया मजबूत, धातूची रेघ नाही. पण चावा नीट जुळवून पॉलिश केली नाही तर समोरचा दात झिजवते. मागच्या दाढेला हसताना दिसतही नाही, तिथे साधी धातूची कॅप उत्तम चालते, आणि दातही कमी घासावा लागतो. लोक ऐकत नाहीत, पण हे खरं आहे. काही कॅपसोबत दहा-पंधरा वर्षांचं वॉरंटी कार्ड मिळतं. ती वॉरंटी कॅपची आहे, खालच्या दाताची नाही. कॅपच्या कडेला कीड लागू शकतेच.

पक्की चिकटवण्याआधी कॅप नुसती बसवून बघायला सांगा. शेजारच्या दातांमध्ये फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) किंचित अडून खटकन जायला हवा. सैल गेला तर तिथे रोज मेथीची भाजी अडकणार.

फिजिशियन, गोरेगाव

मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे पेशंट इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी औषधं आपणहून बंद करू नका. रूट कॅनालमध्ये रक्त फार जात नाही, पण स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जातो. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आयएनआरचा (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या तपासणीचा) ताजा रिपोर्ट न्यावा, आणि मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर आवर्जून आठवण करून द्यावी. त्याने वॉर्फरिनचा परिणाम वाढतो. कृत्रिम झडप असलेल्यांना, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झालेल्यांना, कामाआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन २ ग्रॅमचा एक डोस लागतो, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर. नुसत्या बायपाससाठी किंवा स्टेंटसाठी सहसा लागत नाही.

मधुमेहींनी जेवण आणि औषध नेहमीच्या वेळी घेऊन सकाळची वेळ मागावी. इन्सुलिन घेतलं आणि दवाखान्यात दोन तास बसून राहिलं की साखर उतरते. साखर सतत चढी असेल तर मुळाशी असलेलं हाड उशिरा भरतं.

हाडं ठिसूळ होतात म्हणून वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा सहा महिन्यांतून एकदा डेनोसुमॅब घेणाऱ्या आजी-आजोबांनी ते इंजेक्शन दंतवैद्यांना सांगितलंच पाहिजे. दात उपटल्यावर त्यांच्या जबड्याचं हाड उघडं राहण्याचा धोका असतो. तोंडाच्या कॅन्सरसाठी जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांनाही तसाच धोका. अशांचा दात शक्य तोवर उपटू नये, रूट कॅनाल करून ठेवावा. टाटा मेमोरियलची फाइल सोबत न्यावी. गरोदर स्त्रियांना चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण पू झाला असेल तर महिना बघत बसू नये. लिग्नोकेन चालतं, छोटा एक्स-रेही गरज असेल तर काढता येतो.

शिवडीकर

खर्च परवडत नसेल तर मुंबईत कुठे जावं?

असिस्टंट ताई, माहीम

मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, आधी तपासणी आणि एक्स-रे होतो, मग रूट कॅनाल विभागात तारीख मिळते. विद्यार्थी काम करतात, वर शिक्षक पाहतात. पुढच्या तारखेला वेळ लागतो आणि खेपा जास्त पडतात, ही खरी किंमत. पण पायऱ्या गाळल्या जात नाहीत. कॅपचा खर्च वेगळा असतो का ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या. खासगीतही बिलात रूट कॅनाल, एक्स-रे, गाभा आणि कॅप हे चार आकडे वेगवेगळे लिहून मागा, कारण पाटीवरचा दर बहुधा पहिल्याचाच असतो.

एक इशारा. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी घट्ट सूज, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज जाड झालाय: हे दंतवैद्याच्या दवाखान्याचं काम राहिलेलं नाही. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथे अपघात विभागात, रात्र असली तरी. श्वासनलिका दाबली जाऊ शकते.

कर्जत स्लो

गुटखा-सुपारी खाणाऱ्यांचं तोंड कमी उघडतं, त्यांच्या मागच्या दाढेचं रूट कॅनाल होतं का?

मूळपीठिका

सुपारीने गालाचं अस्तर घट्ट होत जातं. आपली तीन बोटं उभी तोंडात जात असतील तर अडचण नाही, दोनच जात असतील तर मागच्या दाढेवर ड्रिल आणि फाइल सरळ धरता येत नाही. छोट्या डोक्याचं ड्रिल आणि आखूड, २१ मिलिमीटरच्या फाइली वापरून काही वेळा जमतं. नाही जमलं तर दाढ काढणंही तितकंच अवघड असतं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळतात आणि हातावर एकत्र होतात. तोंड उघडणं कमी होत असेल तर आधी तेच दाखवा. गालावर न भरणारा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर दाढ नंतर.

शिवडीकर

शेवटचं. सगळं नीट करूनही दाढ पुन्हा दुखली तर?

मूळपीठिका

आधी खात्री की तीच दाढ दुखतेय. रूट कॅनाल झालेल्या दाढेला थंड-गरम लागत नाही. लागत असेल तर शेजारची दाढ, किंवा राहून गेलेला जिवंत कॅनाल. चावून सोडताना चमक येत असेल तर चीर. हिरडीचा कप्पा एकाच ठिकाणी अरुंद आणि खोल असेल तर मूळ उभं चिरलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि मग दात वाचत नाही. पुन्हा रूट कॅनाल करून पैसे घालवू नका. कॅनाल राहून गेलाय किंवा भराव अर्धवट आहे असं दिसलं तर कॅनालमध्ये भरलेला रबरासारखा जुना गटापर्चा काढून पुन्हा सफाई करता येते. तेही शक्य नसेल, उदाहरणार्थ आत लांब पोस्ट (मुळात रोवलेली दांडी) आहे, तर हिरडी उघडून मुळाचं शेवटचं तीन मिलिमीटर टोक कापतात आणि मागून एमटीए हे खास सिमेंट भरतात. थ्री-डी स्कॅन सरसकट नको, अशा फेरकामाच्या वेळी मात्र पैसे वसूल होतात.

आणि दुखत नसलं तरी सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक छोटा एक्स-रे काढा. काळा डाग असेल तर तो लहान होत गेला पाहिजे. पूर्ण भरायला कधी चार वर्षंही लागतात, त्यामुळे वर्षभरात नाहीसा झाला नाही म्हणून कुणी लगेच दाढ काढायला सांगितलं तर आधीचा आणि आताचा एक्स-रे शेजारी ठेवून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यासाठी कामाआधीचा, फाइल आत असतानाचा आणि भरल्यानंतरचा, असे तिन्ही एक्स-रे मोबाइलवर मागून ठेवा, कारण दवाखाने बदलतात, संगणक बदलतात.